प्रोसेसरच्या मापाचा बोर्ड

“बसणार नाही,” दुकानदार म्हणाला. “तुमचा प्रोसेसर जुना, हा मदरबोर्ड नवा. खाचाच जुळत नाहीत.”

“थोडं दाबून?”

“आजोबा, बूट आहे का हा?”

आजोबा ओशाळले. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. मापाचं त्यांना कोणी शिकवायला नको. पण बटण हातात घेऊन त्याला साजेसा शर्ट शोधत हिंडायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

काउंटरवर नातीच्या कॉम्प्युटरचं खोकं पोट उघडं टाकून पडलं होतं. चादरीत गुंडाळून, लपतछपत आणलेलं.

घरात आजोबांच्या पुसण्याची दहशत होती. त्यांनी पुसलेला रेडिओ मुका झाला. पुसलेलं घड्याळ उलटं चालू लागलं, असं शेजारी अजून शपथेवर सांगतात. सुनेच्या मिक्सरने तर ओलं फडकं नुसतं येताना पाहूनच प्राण सोडला. तेव्हापासून नातीच्या खोलीत पाऊल टाकायची त्यांना बंदी होती.

आणि काल सगळे मावशीकडे निघाले, तेव्हा तीच नात गळ्यात पडून म्हणाली होती, “आजोबा, माझा कॉम्प्युटर तेवढा पुसून ठेवाल? आतूनसुद्धा. तुमच्यासारखं कोणालाच जमत नाही.”

आजोबांची छाती फुगली. खोक्यावर मुंग्यांची रांग लागली होती, म्हणून फडकं जरा जास्तच ओलं केलं. पुसून झाल्यावर बटण दाबून पाहिलं, तर कॉम्प्युटर हूं की चूं करेना. पोरीनं एवढा विश्वास टाकला आणि आपण माती खाल्ली! कालपासून घास गिळवत नव्हता.

दुकानदारानं जुन्या बोर्डावर बोट फिरवलं. “पाणी गेलंय. चिकटही लागतंय.”

“साबण,” आजोबा पुटपुटले. “माझा हातच जड.”

“मग असं करा, प्रोसेसरही नवा घ्या. म्हणजे हवा तो बोर्ड चालेल.”

“नको, नको! तिचं तिला जसंच्या तसं मिळू दे. पोरीला कळता कामा नये.”

दुसऱ्या बोर्डात प्रोसेसर बसला, पण जुनी रॅम बसेना.

“कॉलर जमली, बाही आखूड,” आजोबा कळवळले.

शेवटी दुकानदार स्टुलावर चढला आणि माळ्यावरून एक धुळकट डबा काढला. प्रोसेसर अलगद बसला. रॅमही बसली. पडदा उजळला; नातीची चित्रं जागच्या जागी होती. आजोबा वाकून बघू लागले. त्यांचे डोळे भरून आले.

“मागे व्हा!” दुकानदार ओरडला. “आता ते पाणीसुद्धा आत नको!”

संध्याकाळी मंडळी परतली. नात बापाचा हात धरून थेट खोलीत शिरली. आजोबा दारातच थबकले. मान वर होईना. सगळं सांगून मोकळं व्हावं, असं अगदी ओठांवर आलं होतं.

“बाबा, आजोबांनी पुसलाय हं माझा कॉम्प्युटर,” नात रडवेल्या आवाजात म्हणाली. “आता त्याचं काय झालं असेल, तुम्हीच बघा.”

एका हातानं तिनं रुमाल डोळ्यांना लावला, दुसऱ्यानं बटण दाबलं.

पंखा घुमला. पडदा उजळला.

रुमाल हळूच खाली आला.

“असं कसं?” ती बोलून गेली. “सरबत सांडल्यापासून तर हा बंदच होता!”