इमारतीची एकुलती एक साक्षीदार

"शिंपीकाका, आग तुमच्याच इस्त्रीमुळे लागली का हो?"

वकीलबाईने एका दमात विचारून टाकलं. मागे जिन्यापाशी मैत्रिणींनी तोंडं दाबून धरली. 'विचारून दाखवच' अशी पैज त्यांनीच लावली होती. आणि शाळेच्या नाटकात वकिलाचं काम करून टाळ्या घेतल्यापासून ही पोरगी कुठल्याच पैजेला मागे हटत नव्हती. वकीलबाई हे नावही तेव्हाच चिकटलेलं.

काका काळवंडलेल्या दुकानात बसून जळक्या कापडांतून बटणं वेचत होते. रागावले नाहीत.

"इस्त्री दुकानात होतीच कुठे, बाळा? तुझ्या नाटकाच्या काळ्या कोटासाठी तुझी आई घेऊन गेली होती ना. अजून परत कुठे आलीय?"

वकीलबाईने वळून मैत्रिणींकडे पाहिलं.

"मी सांगितलं पोलिसांना. पण तुझी आई म्हणते, नेलीच नाही. उद्या चौकशीचे साहेब येतायत. आग इस्त्रीनं लागली असं ठरलं, तर दुकान जाईल आणि मीही जाईन तुरुंगात. तू तरी खरं सांगशील ना?"

"सांगेन की! मी काय कुणाला घाबरते?"

जिन्यात मैत्रिणींनी तिला मिठ्याच मारल्या.

संध्याकाळी गच्चीवरच्या खोलीत तालीम होती. नाटकाची नव्हे, साक्षीची. झाडून सगळी इमारत जमली होती. बिल्डर ही जुनी इमारत पाडून प्रत्येकाला दुप्पट मोठं घर देणार होता. अट एकच, एकूण एक भाडेकरूने जागा सोडायची. शिंपीकाका तेवढे अडून बसले. दुकान सोडलं तर खाऊ काय, म्हणाले. आणि मग एका दुपारी त्यांच्या दुकानाला आग लागली.

"'मी जिना उतरत होते,'" चेअरमनकाकांनी म्हणून दाखवलं. "'काका दुकानात नव्हते, इस्त्री चालूच होती, धूर निघत होता.' आणि इथे एक हुंदका."

"हुंदका जास्त होईल," शेजारच्या मावशी म्हणाल्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे कपडे शिंपीकाकांनी शिवले होते, शिलाई न घेता. "नुसता आवंढा गिळ गं. शोभून दिसतं."

"पण मीच का?" वकीलबाईने विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी बाबांनीच सांगितलं. प्रकरण अंगाशी येऊ नये म्हणून प्रत्येकाने आधीच पोलिसांना सांगून टाकलं होतं, त्या दुपारी आम्ही सगळे एका लग्नाला बाहेरगावी होतो. नाटकाच्या तयारीसाठी ती तेवढी घरी राहिली होती. आता काहीतरी पाहिलं म्हणायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

"नको तो शहाणपणा," मावशी पुटपुटल्या.

"तुम्हीच सुचवलं होतंत, बाई," चेअरमनकाका म्हणाले.

"आणि आग कुणी लावली?" वकीलबाईने विचारलं.

चेअरमनकाका चष्मा पुसायला लागले.

"धावपळ करणाऱ्याला बिल्डर वरच्या मजल्यावर एक घर जास्तीचं देतोय," मावशी फणकारल्या. "आम्ही बसलोय हात चोळत!"

वकीलबाईने वहाणेच्या टोकाने फरशीवर रेघ ओढली आणि पहिल्यापासून पुन्हा पाठ म्हटला. एकही शब्द चुकला नाही.

घरी आल्यावर तिने आईला गाठलं.

"काकांची इस्त्री कुठाय?"

"हळू बोल. माळ्यावर आहे, गाद्यांमागे." आई कणीक मळत राहिली. "अगं, तुला स्वतःची खोली मिळेल. किती वर्षं स्वयंपाकघरात झोपायचं?"

"आणि काका?"

आईने परातीत उगाचच आणखी पीठ ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळीला गेल्यावर वकीलबाई माळ्यावर चढली. इस्त्री दप्तरात कोंबली. खाली मैत्रिणी वाट पाहतच होत्या.

"निघालीस? कुणाला दाखवणार?"

"ज्यांनी बघायला हवी त्यांना. माझं ठरलंय."

"अगं, कसली डेरिंगबाज आहेस तू!"

दुकानात शिंपीकाकांनी मान वर केली. दप्तरातून वायरचं टोक लोंबत होतं. ते त्यांनी ओळखलं. बटणं खाली ठेवून त्यांनी तिला हात जोडले, शाळकरी पोरीला. तीही हसली आणि झपाझप चालू लागली.

दुपारी ती परतली, तेव्हा आई-बाबा दारातच उभे होते. आईच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"इस्त्री कुठे नेलीस?"

"आहे एका जागी. बसा दोघं. साहेब यायच्या आत मला काहीतरी सांगायचंय. मी ठरवलंय."

"पोरी, पाया पडतो तुझ्या," बाबा म्हणाले. "सगळ्या इमारतीचं वाटोळं होईल."

"ऐकून तर घ्या, बाबा. साक्ष तुम्ही शिकवलीत तश्शीच देणार, आवंढ्यासकट. इस्त्री मात्र माझ्याच ताब्यात राहील. चेअरमनकाकांना दाखवून आलेय. त्यांचं ते वरच्या मजल्यावरचं घर आता माझ्या नावावर होतंय." तिने पंखा मोठा केला आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसली. "तुम्ही दोघं खुशाल राहा तिथे. भाड्याचं नंतर बघू."