नाव घातलेलं ताट

गाडीचा तळ गंजून पुढच्या सीटच्या पायाशी भोक पडलं होतं. दिगंबरने घरीच गंज खरवडला. भोकावर ठोकायला पत्रा म्हणून बायकोचं ताट उचलायची त्याची छाती नव्हती. पण शेजारच्या पेडणेकर काकूंचं, आंबोळ्यांसोबत आलेलं स्टीलचं ताट ओट्यावरच होतं. त्याने ते उपडं घालून रिव्हेट ठोकले आणि वर मॅट पसरली.

काकू ताट शोधत आल्या, तेव्हा हा गडी त्यांच्याबरोबर फडताळं धुंडाळत होता.

बुधवारी बाजाराला जायला काकू त्याच्या गाडीत पुढे बसल्या. पाय लागून मॅट सरकली. ताटाच्या बुडावर कोरलेलं स्वतःचं नाव त्यांनी सावकाश वाचलं.

काकूंनी डॅशबोर्डवर थाप मारली. “मेल्या, नाव माझं म्हणजे भांडं माझं, चार चाकांसकट. आता दर बुधवारी काढायचं बाजाराला!”