उशिरा येणारी पुस्तकं

छोट्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे तिला नावाने हाक मारत. दुसऱ्या वर्षाला ती या अवाढव्य विद्यापीठात आली आणि तीन आठवड्यांत तिचं नाव कुणी एकदाही घेतलं नाही. वर्गात अडीचशे मुलं, हजेरी यंत्रावर बोट टेकवून. कँटीनच्या रांगेत तर तिला एकच नाव होतं, "चला, पुढे सरका!"

चौथ्या आठवड्यात ग्रंथालयाचं पुस्तक परत करायला दोन दिवस उशीर झाला. काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहत तिचं नाव, वडिलांच्या नावासकट, खणखणीत आवाजात उच्चारलं. अख्खं ग्रंथालय वळून पाहू लागलं. लाजेने चूर व्हायचं सोडून तिला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून तिचं प्रत्येक पुस्तक उशिराच येऊ लागलं. बाई नाव घेऊन झापायच्या आणि ती मान खाली घालून हसू लपवायची.

सहाव्या खेपेला बाईंनी पुस्तकाचं कव्हर बघितलं. "गुरांचे आजार? तू तर इतिहासाची ना गं? वाचतेस तरी का हे?"

"नाही बाई."

"मग नेतेस कशाला?"

"परत आणायला," तिच्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी चष्मा काढला. मग शेजारची खुर्ची ओढून तिच्यापुढे सरकवत म्हणाल्या, "उद्यापासून हात हलवत आलीस तरी चालेल. ओरडायला मी काहीतरी शोधून काढेन."