पश्चिमेचा वारा

दुपारचे दोनही वाजले नव्हते आणि पाणी तापवणाऱ्या सोलरच्या नळ्यांवर सावली आली होती. दगडू गच्चीवर उभा राहून शेजारच्या इमारतीकडे बघत राहिला. पाच मजले झाले होते. अजून दोन व्हायचे होते.

बत्तीस वर्षं त्याने गवंडीकाम केलं. ठाण्याजवळच्या दिवा गावात भट्टीसारख्या तापणाऱ्या कितीतरी खोल्या त्याच्याच हातून उभ्या राहिल्या. म्हणून मोहन्यातलं स्वतःचं घर त्याने मन लावून बांधलं. वारा आत यावा म्हणून पश्चिमेला मोठ्या खिडक्या. तापलेली हवा निघून जावी म्हणून समोरच्या भिंतीत छताखाली झरोके. गच्चीला पांढरा चुना. बायकोची, रंभाची, बोटं संधिवाताने आखडायची, तिच्यासाठी सोलर. गिझरसाठी विजेचा पॉइंटसुद्धा त्याने ठेवू दिला नाही. काम चालू असताना तो मुलाला, सम्यकला, शेजारी उभा करून दाखवायचा, ऊन कसं सरकतं, वारा कुठून शिरतो. सम्यक मोबाईलमध्ये बघत नुसता हं हं करायचा.

दोन उन्हाळे घर गार राहिलं. मग पश्चिमेच्या प्लॉटवर खड्डा खणला गेला. आता खिडकीसमोर भिंत होती आणि भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागत होती. नळाला कोमट पाणी यायचं. रंभा तक्रार करत नव्हती. तेच त्याला सोसवेना.

तो खाली उतरला आणि थेट साइटवर गेला. तिथली इंजिनियर अक्षदा त्याच्या मुलाच्याच वयाची. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं. वरचे दोन मजले तरी थोडे मागे घ्या, एवढंच त्याने आवाज न चढवता सांगितलं. तिने नकाशा उलगडला. सगळं नियमात होतं. सगळे फ्लॅटही गेले होते. मग तिने विचारलं, तुमचं घर कुठलं? त्याने बोट दाखवलं.

"म्हणजे तुम्ही सम्यकचे वडील? काका, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यानेच घेतलाय की."

दगडूने मान हलवली, जणू त्याला ठाऊकच होतं.

अक्षदाला हायसं वाटलं. "फार पारखून घेतला हो त्याने. बायकोला घेऊन प्रत्येक मजल्यावर उभा राहिला. म्हणाला, पश्चिमेचाच घेऊ, इथे वारा कधी अडायचा नाही. मी विचारलं, तुला एवढं कसं कळतं? तर म्हणाला, बाबांनी शिकवलंय."