इंजिनाचा आवाज

सहदेवनं इंजिनाच्या थंड पत्र्यावर हात ठेवला आणि सारं दालन ऐकेल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "अवं ताना, हेच ते! याच्याच पोटात अर्धं आयुष्य गेलं माह्यं."

तानाबाईनं मान हलवली. दोघं नवराबायको सकाळच्या बसनं मोताळ्याहून आली होती. मलकापूर रस्त्यावर लढाऊ विमानांचं हे लहानसं संग्रहालय नवंच निघालं होतं. सहदेव हवाईदलात इंजिन फिटर होता हे कळल्यावर तिथल्या गाईडनं दारातच त्याचे दोन्ही हात हातात घेतले होते.

याच इंजिनांनी सहदेवचे कान नेले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर एखादा शब्द त्याला कळे. चहा, गोळी, पाहुणे, एवढं खुणांवर भागायचं. घरात जरा आवाज चढवला की शेजारच्या सिंधूताई आपल्या ओट्यावरून उत्तर द्यायच्या. म्हणून अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलेलं तानाबाईनं मनातच ठेवलं होतं. लिहून द्यावं तर तिला सहीपुरतंच येई, आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यावी अशी ती गोष्ट नव्हती.

"आता ऐका, उडताना याचा आवाज कसा यायचा ते," गाईड म्हणाला आणि त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं.

स्पीकरमधून आवाज फुटला तशी पायाखालची फरशी थरथरली. वडनेर भोलजीहून आलेल्या बाया कानांवर हात ठेवून हसायला लागल्या. तानाबाईनं कान झाकले नाहीत. हा माणूस रोज याच्यात उभा राहायचा? मग तिच्या ध्यानात आलं, इथं कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही.

तिनं सहदेवच्या कानाशी तोंड नेलं. "अवो, मले कॅन्सर हाये!"

"हाव!" इंजिनावरचा हात न काढता सहदेव खुशीत ओरडला. "हाताले समजते! असंच थरथरे हे!"

आणि तो वाकून इंजिनाच्या खाली बघू लागला. तानाबाईनं मागून त्याचा सदरा धरला आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडली, "कॅन्सर हाये मले! डॉक्टर म्हणते, आता काही होत नाही! मी मेल्यावर तुमच्या कानात कोन ओरडन वो?"

शेवटचं वाक्य तिच्या तोंडात होतं तेव्हाच स्पीकरचा आवाज बंद झाला.

बायांचे हात कानांवरून खाली आले. गाईडचं बोट बटणावरच राहिलं.

सहदेव सावकाश उठून वळला. सगळे आपल्याकडे बघत गप्प उभे आहेत हे त्याला दिसलं. त्याचा चेहरा उजळला. त्यानं सदरा खाली ओढला, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला.

"पाह्यलं का, ताना?" तो म्हणाला. "फौजीले अजून इज्जत हाये."

तानाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि मान हलवली.

मग गाईडनंही हळूच हात कपाळाशी नेला.