टिपांची वही

नाशिक रोडच्या आमच्या कॉम्प्युटर मंडळात रविवारी जो टीप सांगेल, त्यानेच ती वहीत लिहायची. मी नवीन; पहिले तीन रविवार मी एकही टीप न सांगता घरी गेले. चौथ्या रविवारी पगारेकाकांनी मलाच विचारलं, "पल्लवी, फ्लॉपीवरची फाइल चुकून पुसली गं. आता काय करू?"

"अनडिलीट कमांड द्या काका. फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर विचारेल, तेवढं सांगा."

काकांनी ते कागदावर टिपून घेतलं आणि वही माझ्याकडे सरकवली. कसं लिहितात ते बघायला मी पहिलं पान उघडलं. दोन वर्षांपूर्वीची पहिलीच टीप हीच होती, खाली सही पगारेकाकांची. तेव्हापासूनचे मंडळाचे सातही सभासद आज समोर होते. ‘हे माहीत आहे’ असं एकजणही म्हणाला नव्हता.