डावं दार

"बॉनेट राहू दे. डावं दार उघड," व्हर्लिन हास म्हणाला.

गाडीचा मालक बर्डेट हसला. "मिस्टर हास, लोक कॉर्व्हेट बघायला येतात ते इंजिनापुढे हात जोडतात. तुम्ही दार बघणार?"

लाल गाडी हिरवळीच्या कडेला उभी होती. छप्पर मागे दुमडलेलं, काचेवर 'विकणे आहे'चा पुठ्ठा. मिझुरीचं मे महिन्यातलं ऊन तिच्या पाठीवरून ओघळत होतं. पलीकडे बर्डेटच्या शेगडीवर डुकराच्या मांसाचे तुकडे चुरचुरत होते.

व्हर्लिनने पिशवीतून जेवणाचा जुना पत्र्याचा डबा काढला. झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने कोरलेला आकडा होता. गाडीवरच्या कारखान्याच्या नंबरपट्टीशी त्याने एकेक अंक ताडून पाहिला. शेवटचा सातही जुळला, तसा त्याने दाराचा आधार घेतला.

"पाणी आणू?"

"नको. माझ्या हातची आहे रे ही."

"म्हणजे तुमची होती?"

"माझी कुठली! मी सेंट लुइसच्या कारखान्यात होतो. दाराच्या पॅनलला मागून क्लिपा लावायचो. पुढच्या जागेवर रोवेना ते दारावर बसवायची. बसवणारा आधी पॅनलच्या पाठीवर आपल्या नावाचं पहिलं अक्षर टाकायचा. काही चुकलं तर कुणाला धरायचं ते कळायला."

"बरं, मग?"

मग काय, ते व्हर्लिनने सत्तावन्न वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

सदुसष्टच्या जूनमधला शुक्रवार. पाळी सुटायला दोनच मिनिटं होती. बावीस वर्षांच्या व्हर्लिनने या गाडीच्या पॅनलच्या पाठीवर पेन्सिलीने रोवेनाला एक प्रश्न लिहिला, पॅनल गाडीला अडकवलं, गाडीचा नंबर डब्याच्या झाकणात कोरला, आणि भोंगा होताच मागे न बघता घरी पळाला. सोमवारी रोवेना नेहमीसारखी "काय रे, कसा आहेस?" म्हणाली. पुढे काहीच नाही. पानगळीत ती बहिणीकडे कॅन्सस सिटीला गेली, ती गेलीच. त्याचं लग्न राहून गेलं.

"समोरासमोर विचारायचं होतं की!" बर्डेट म्हणाला.

"तेवढी छाती असती तर पॅनलवर कशाला लिहिलं असतं? आता एवढंच बघायचंय. 'आर' असेल, तर तिने वाचलं आणि गप्प बसली. दुसरं अक्षर असेल, तर पॅनल पुढच्या पाळीने बसवलं, आणि तिला ते दिसलंच नाही."

"म्हणजे गाडी काही तुम्ही घेत नाही."

"नाही. फोनवरच सांगायला हवं होतं."

"छान! या आठवड्यात सगळे असलेच भेटलेत. एक दाढीवाला रंगाला नाक मुरडून गेला. एकाने नुसते फोटो काढले. गुरुवारच्या आजीबाईंनी तर किंमतही विचारली नाही. तासभर आत बसून राहिल्या, आणि जाताना माझं पेन घेऊन गेल्या!" त्याने चिमट्याने शेगडीकडे खूण केली. "बसा. मी हे उलटवून येतो. स्क्रू ड्रायव्हर देऊ?"

"आणलाय."

एवढ्या वर्षांचे स्क्रू हट्ट धरतील असं व्हर्लिनला वाटलं होतं. पहिला तर नुसत्या बोटांनीच फिरला. बाकीचेही शहाण्यासारखे सुटले. त्याने पॅनल मांडीवर घेतलं, पालथं केलं, आणि डोळे मिटून घेतले. छातीत पुन्हा ती दोन मिनिटं धडधडत होती.

डोळे उघडले. पेन्सिलीची अक्षरं वाळल्या पानाच्या शिरांसारखी फिकटली होती, पण होती.

'रोवेना, शनिवारी माझ्या आईकडे जेवायला येशील? आणि मग जन्मभर?'

कोपऱ्यात पिवळ्या खडूने अक्षर टाकलेलं. 'डी'.

डेल्फीन. दुसऱ्या पाळीतली डेल्फीन, रोवेनाची जिवलग मैत्रीण. वाचून गालात हसली असेल, आणि जिभेवरचं गिळून टाकलं असेल.

"पोचलंच नव्हतं रे!" व्हर्लिन शेगडीच्या दिशेने ओरडला. त्याचे ओठ हसत होते. रोवेना गप्प बसली नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. इतकी वर्षं उराशी धरलेला नकार मुळात कुणी दिलाच नव्हता.

"मग आता?" बर्डेटने तिकडून विचारलं.

"आता काय! झालं माझं काम. लावतो परत."

त्याने चष्मा सदऱ्याला पुसला आणि पॅनल उचललं. ऊन तिरपं पडलं, तेव्हा क्लिपांच्या सावलीत लपलेल्या चार ओळी उजळल्या. शाई निळी होती, ताजी. खाली फोनचा नंबर होता.

'डेल्फीनने यंदा ईस्टरला कबूल केलं. तुझा पत्ता कुणालाच ठाऊक नाही, म्हणून त्या सालच्या गाड्या उघडत फिरते आहे, ही चौथी. तूही कधीतरी हे दार उघडशील. हो. पण आता जेवायला तूच माझ्याकडे ये.'